उसाच्या टनेजवर टिकलेला संगणक

गावोगावी संगणक आणि इंटरनेटची केंद्रं चालतात कशी, यावर लिहायचं ठरलं तेव्हा केरळच्या ‘अक्षय’चं नाव पुढे होतं, मध्य प्रदेशच्या धार जिल्ह्यातल्या ‘ज्ञानदूत’चंही. मी वारणानगर निवडलं. इथे मोठ्या स्वप्नातला एक लहानसा तुकडाच टिकला, आणि तो का टिकला हे स्पष्ट दिसतं.

1998 साली पंतप्रधानांच्या माहिती तंत्रज्ञान कृती दलाने इथली गावं संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुचवला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली वारणाकाठची 70 गावं जोडायची होती. खर्चाचा मोठा वाटा केंद्र आणि राज्य सरकारने उचलला, उरलेला वारणेच्या संस्थांनी. पिकांचा सल्ला, बाजारभाव, सरकारी दाखले, नोकरीच्या जाहिराती असं सगळं गावातल्या खोलीत मिळणार होतं. वारणा निवडण्यामागचं कारण भक्कम होतं. तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला साखर कारखाना होता, दूध संघ होता, बाजार होता, इंजिनिअरिंग कॉलेज होतं. शेतकऱ्याचं नाव संगणक येण्याआधीच कुठल्या ना कुठल्या वहीत होतं.

त्या खोलीत शेतकरी येई तो उसाच्या कामासाठी. लागणीची तारीख, क्षेत्र, जात यांची नोंद झाली की तोडणीची पाळी त्यावर ठरते. आडसाली ऊस दीड वर्ष रानात असतो. त्याची पाळी महिनाभर पुढे गेली तर पुढचं पीक लांबतं, आणि तोडलेला ऊस पडून राहिला तर वाळून वजन घटतं. म्हणून नोंद कधी पडली, काट्यावर किती टन भरला, खताची उचल किती कापली, बिल कधी निघणार, हे प्रश्न शेतकऱ्याला झोपू देत नाहीत. त्यासाठी शेतकी ऑफिसला खेटे घालायचे, ऊस नोंदणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला गाठायचं, त्यात अर्धा दिवस जायचा. आता गावातच ऑपरेटर सभासद क्रमांक विचारून आकडा सांगू लागला, पावती हातात देऊ लागला. सभासदाला आपला हिशेब कुणाची मर्जी न राखता पाहता येणं, हे मला त्या सगळ्या प्रकल्पातलं सर्वांत मोलाचं काम वाटतं. सहकारात त्याची किंमत काय असते, हे कारखान्याच्या दारात ताटकळलेल्या माणसाला विचारावं.

इंटरनेट मात्र रुजलं नाही. टेलिफोनच्या तारेवरून जोडणी लागायची आणि तुटायची, भारनियमनात वीज तासन्‌तास नसायची, यंत्र बिघडलं की दुरुस्तीला माणूस बाहेरून यायचा. 2006 च्या सुमारास बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो टोयामा इथे आले. केंद्रातले संगणक जवळजवळ फक्त कारखान्याच्या कामाला लागतात, हे त्यांनी पाहिलं. मग त्यांनी विचारलं, एवढ्यासाठी संगणक कशाला?

त्यांनी केलेली मांडणी इतकी साधी आहे की तिच्यापाशी मी बराच वेळ रेंगाळलो. मुख्य कार्यालयातल्या संगणकाला एक मोबाइल जोडला. गावातून सभासद क्रमांक आणि हवी ती माहिती यांचा एसएमएस जायचा. संगणक तो वाचून नोंदी धुंडाळायचा आणि उत्तराचा एसएमएस उलट पाठवायचा. गावाकडच्या टोकाला यूपीएस नको, मोडेम नको, रेंज असली की झालं. सात गावांत आठ महिने हा प्रयोग चालला. संगणकावर होणारी कामं फोनवर झाली, खर्च खूपच कमी आला, आणि शेतकऱ्यांनी तो आपलासा केला.

कारखान्याच्या हिशेबाने हे योग्यच होतं. पण ज्याच्या नावावर ऊस नाही त्या शेतमजुराला, तोडणीसाठी येणाऱ्या टोळीतल्या बाईला त्या खोलीत जायचं कारण आधीही नव्हतं. एसएमएसने तर खोलीच अनावश्यक ठरवली. टोयामा यांनी पुढे पुस्तकच लिहिलं: तंत्रज्ञान माणसांची आणि संस्थांची असलेली ताकद वाढवतं, नसलेली निर्माण करत नाही. वारणेत ताकद होती ती उसाची.

इतरत्र पाठीशी कारखाना नव्हता, आणि अडचणी तिथूनच सुरू होतात. ‘ज्ञानदूत’ला 2000 साली स्टॉकहोममध्ये पुरस्कार मिळाला, पण धारच्या गावांत वीज आणि जोडणी दगा देत राहिली. केरळात ‘अक्षय’ जिथे सुरू झालं त्या मलप्पुरममध्ये 2002 पासून घराघरांतल्या एकेकाला संगणक शिकवायचे पैसे केंद्रांना मिळत होते. ते शिक्षण संपलं तशी काही केंद्रं बंद पडली, उरलेली बिलं भरणं आणि दाखले यांवर तगली.

आज आपल्याकडे हेच काम आपले सरकार सेवा केंद्रं करतात. चालवणारा बहुधा गावातलाच शिकलेला तरुण असतो. गाळ्याचं भाडं, बॅटरी, प्रिंटरची शाई, नेटचं बिल त्याचं, दर मात्र सरकारने ठरवलेले. सर्व्हर डाऊन असला की दिवस फुकट जातो आणि रांगेतल्यांचा रागही त्यालाच सोसावा लागतो. 2023 च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा आला, तेव्हा केंद्राला अर्जामागे 40 रुपये विमा कंपनीकडून मिळायचे. तरी शेतकऱ्यांकडून वर पैसे घेतल्याच्या तक्रारी झाल्या, आणि त्या गंभीर होत्या. घेणाऱ्यावर कारवाई हवीच. पण ठरलेल्या दरात केंद्राचा महिन्याचा खर्च निघतो का, हेही कुणीतरी बसून मोजायला हवं. 2025 च्या खरिपात एक रुपयाची ती योजना बंद झाली, अर्ज रोडावले. गाळ्याचं भाडं तेवढंच राहिलं.