वेशीबाहेर

संपादकांनी मला मूर्तिजापूरला धाडलं ते शकुंतला रेल्वेसाठी. इथून एक फाटा अचलपूरला जायचा, दुसरा यवतमाळला. अडीच फुटी रूळ, 1994पर्यंत वाफेचं इंजिन, मग डिझेल, मग काहीच नाही. गवतात हरवलेले रूळ पाहिले, चार फोटो काढले आणि लक्षात आलं, की या गाडीवर मृत्युलेख इतके लिहून झालेत की माझ्या वाट्याला फक्त गवत उरलंय. एक कागद स्कॅन करून पाठवायचा होता म्हणून बाजारातल्या एका ऑनलाइन सेंटरात शिरलो आणि तिथेच अडकलो.

सेंटरवाला चाळिशीच्या उंबरठ्यावरचा. समोरच्या स्क्रीनवर पीकविम्याचा अर्ज, पुढ्यात ओटीपीची वाट बघत बसलेला एक शेतकरी. बाजूच्या जुन्या मॉनिटरवर मात्र हिरव्या-करड्या रंगांचा नकाशा उघडा होता. त्यात आडवा लांबच लांब खंदक, आणि खंदकाच्या अलीकडे एक ठेंगणा शिपाई नुसता उभा.

"हे काय?"

"रूनस्केप. माहं जुनं गाव आहे म्हना," तो म्हणाला. "अमरावतीले शिकाले होतो तवाचं. त्या खंदकाच्या पलीकडे गेलं का कोनीबी मारे. इचारे नाही, पुसे नाही."

शेतकऱ्याचा ओटीपी आला, अर्ज पुढे सरकला. मी खुर्ची ओढून बसलो.

केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा हा खेळ 2001च्या जानेवारीत सुरू झाला. ब्राउझरमध्ये चालायचा, फुकट होता, आणि कॅफेतल्या रडतखडत चालणाऱ्या नेटवरही तग धरायचा. हजारो खेळाडू एकाच जगात एकाच वेळी वावरत. कुणी मासे धरी, कुणी खाणीत उतरे, कुणी लोखंड ठोकी. नकाशाच्या उत्तरेला एक ओसाड मुलूख होता. त्याचं नाव वाइल्डरनेस, पोरांच्या तोंडी 'वाइल्डी'. तिथे एक खेळाडू दुसऱ्याला ठार करू शकत होता आणि मेलेल्याची चीजवस्तू मारणाऱ्याची होत होती. खेळणारे याला पीव्हीपी म्हणतात. मारायलाच हिंडणारा तो पीकेअर.

मला भुरळ पडली ती या मुलुखाच्या नियमांची. वरवर बेबंद दिसणारं हे रान आतून फार बारकाईने विणलेलं होतं. उत्तरेला जाल तसा कोपऱ्यातला एक आकडा वाढे. पाचव्या पातळीवर उभे असाल तर तुमच्याहून ताकदीत पाच पायऱ्या वरचा किंवा खालचाच तुमच्यावर हात टाकू शके. चाळिसाव्यावर चाळीस पायऱ्यांचा फरकही चाले. म्हणजे भीती एकदम अंगावर येत नसे, पावलागणिक चढे. विसाव्या पातळीपुढे मंत्र म्हणून घरी पळता येत नसे, धावतच यावं लागे. मेलात तर अंगावरच्या सगळ्यांत किमती तीन वस्तू तुमच्या, बाकी गेलं. पण कुरापत तुम्ही काढली असेल, तर तुमच्या डोक्यावर कवटी दिसू लागे. ती असेतो मेलात तर त्या तीनही जात. दरोडेखोराला कायद्याने बंदी नव्हती, फक्त त्याचा विमा काढून घेतला होता. मनुष्यस्वभाव ओळखून केलेला इतका नेमका कायदा मी खऱ्या जगात क्वचित पाहिला आहे.

"मंग काय नेत होते तुम्ही?"

"गेलं तं रडू येनार नाही एवढंच. एक तलवार, बाकी झोळीत लॉबस्टर. जखम झाली का खायाचे."

त्याची खरी हातोटी खाण्यातच होती. घाव बसला की लगेच खाल्लंत तर झोळी लवकर रिकामी होते, उशीर केलात तर पुढच्याच घावाला आडवे. समोरच्याचं शस्त्र बदललं, की आता मोठा घाव येणार हे ओळखायचं. त्याने मला माउस हातात न घेता नुसतं टेबलावर बोटांनी करून दाखवलं: टिक, टिक, थांब, टिक. इतक्या वर्षांनी ताल जागेवर होता. एका पीकेअरने त्याला महिनाभरात सात-आठदा मारलं म्हणे. "नाव-गाव काही माहीत नाही. पन तो किती वाजता येते, अन् कोन्या झाडामांगं लपते, ते ठाऊक होतं मले. मंग एक दिवस मीच त्याले म्हनलो, बाप्पा, आज सोड, उद्या पेपर आहे." सोडलं का? "सोडलं. दुसऱ्या दिवशी मारलं."

वेस आणि वेशीबाहेरचं रान आम्हाला नवं नाही. मूर्तिजापुरातून दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर कारंजा लाड आहे. तिथे दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस अशा चार वेशी अजून सांगितल्या जातात. 1670मध्ये सुरतेच्या दुसऱ्या स्वारीनंतर शिवाजी महाराजांच्या फौजेने लुटलं ते हेच कारंजा, व्यापाऱ्यांचं मातब्बर गाव. पुढे पेंढाऱ्यांच्या धाडी याच वऱ्हाडाने सोसल्या. आमच्याकडे गावोगाव ज्या मातीच्या गढ्या ढासळताना दिसतात, त्या कशाला बांधल्या होत्या हे वेगळं सांगायला नको. वेशीच्या आत कोतवाल, बाहेर ज्याचा तो. वऱ्हाडी माणसाला हा खेळ समजायला इंग्रजी लागत नाही.

असा खेळ पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर जमला तो 1997च्या सप्टेंबरात आलेल्या अल्टिमा ऑनलाइनमध्ये. शहराच्या हद्दीत 'गार्ड्स!' अशी आरोळी ठोकली की शिपाई प्रकटून गुन्हेगाराला जागीच संपवत. हद्दीबाहेर पाऊल पडलं की लुटारूंची टोळी तयार. सामान्य खेळाडू वैतागून सोडून जाऊ लागले. 2000 साली कंपनीने अख्ख्या जगाची दुसरी प्रत काढली. फेलुका या जगात जुने नियम, ट्रॅमेलमध्ये संमतीशिवाय मारामारी नाही. डोंगर तेच, रस्ते तेच, फक्त भीती वजा. बहुतेक लोक ट्रॅमेलला राहायला गेले आणि खेळाची वर्गणीदार-संख्या नंतरच्या काळात वाढलीच. 'ट्रॅमेल' ही जुन्या लढवय्यांत आजही शिवी आहे. पण आकडे शिव्यांना भीत नाहीत.

रिचर्ड बार्टल यांनी हे आधीच लिहून ठेवलं होतं. 1978मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांच्या जोडीने अशा खेळांचा मूळ पुरुष, 'मड', घडवणारे हे गृहस्थ. 1996च्या निबंधात त्यांनी खेळाडूंच्या चार जाती पाडल्या: मिळवणारे, शोधणारे, गप्पा मारणारे आणि मारणारे. मारणारे वाढले की मिळवणारे आणि गप्पिष्ट निघून जातात. लांडगे फार झाले की मेंढ्या कळप बदलतात; मग लांडगे एकमेकांकडे बघत बसतात.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये खुल्या झुंजीचं हे मरण आणखी हळूहळू, सोयीसोयीने आलं. 2004मध्ये तो सुरू झाला तेव्हा दोन पक्षांची माणसं रस्त्यात गाठ पडून भिडत. 2005मध्ये ठरावीक लढायांची मैदानं आली. 2007मध्ये उडती वाहनं आली आणि रस्त्यावर कुणी दिसेना. 2009च्या अखेरीस बटण दाबून थेट गुहेत पोचवणारी सोय झाली आणि चालायचंच कारण संपलं. 2018मध्ये 'वॉर मोड' नावाची कळ आली. राजधानीत जाऊन ती चालू केलीत तरच तुम्हाला कुणी मारू शकेल. वर चालू ठेवल्याबद्दल जास्तीचं बक्षीस. ज्या गोष्टीसाठी लोक एकेकाळी कंपनीशी भांडत होते, ती करण्यासाठी कंपनीला लाच द्यावी लागू लागली. कारंज्याजवळून समृद्धी महामार्ग जातो. दोन्ही बाजूंनी कुंपण, भन्नाट वेग, आणि वाटेत कुणी भेटत नाही. मला त्याची आठवण येत राहिली.

सेंटरवाल्याच्या वाइल्डीचा शेवट मात्र लढाईने नव्हे, हिशेबाने झाला. खेळातलं सोनं खऱ्या पैशाला विकणारे धंदेवाईक घुसले होते. रानात मुद्दाम मरायचं आणि सोनं गिऱ्हाइकाच्या हाती पडू द्यायचं, ही त्यांची हवाला-पद्धत. जोडीला चोरीची क्रेडिट कार्डं, मग बँकांच्या तक्रारी. 10 डिसेंबर 2007ला जॅगेक्सने वाइल्डीतली माणसा-माणसांतली झुंज काढून टाकली आणि तिथे भुतं सोडली. खेळातल्या शहरांच्या चौकांत पात्रांचे मोर्चे निघाले. सेंटरवालाही एका मोर्चात उभा होता. "परीक्षा होती दुसऱ्या दिवशी. पन गेलो. आपल्या गावाले कुलूप लागलं तं जाव लागते नं?"

पुढे कंपनीने खेळाडूंचं मत मागितलं. 12 लाखांवर मतं पडली, 90 टक्क्यांहून जास्त 'हो'ची. 1 फेब्रुवारी 2011ला रान पुन्हा उघडलं. पण मधल्या तीन वर्षांत माणसं पांगली होती. मूर्तिजापुरात परतून आमच्या या गड्याने झेरॉक्स मशीन घेतलं होतं.

आता मला जी काळजी वाटते ती सांगतो, आणि तिचं धड उत्तर माझ्याकडे नाही.

सेंटरात अर्ज भरायला आलेली चार पोरं बाकावर बसून फोनवर फ्री फायर मॅक्स खेळत होती. झुंज संपलेली नाही, ती वेशीच्या आत आली आहे. 2018मध्ये पब्जी मोबाइल आला, 2 सप्टेंबर 2020ला त्यावर बंदी आली, 2021मध्ये तोच बीजीएमआय होऊन परतला. शंभर जण एका बेटावर उतरतात, सगळे रिकाम्या हाताने. अर्ध्या तासात निकाल. मेलात तर दुसरा डाव. गमवायला काहीच नाही, म्हणून कुणी लक्षातही राहत नाही. मी एकाला विचारलं, आत्ता तुला कोणी मारलं? त्याने वर न बघता खांदे उडवले.

पण जुन्याची आरती ओवाळताना जीभ अडखळते. खुल्या रानात जो मरायचा, तो बहुधा नवखा असायचा. तासाभरात चारदा लुटला गेलेला पोरगा पाचव्यांदा येत नाही. बाईचं नाव दिसलं की मागे लागणारे होते. ओळखीचा विश्वास देऊन रानात नेऊन मारणारे 'लुअर' होते. ॲमेझॉनच्या न्यू वर्ल्डची आखणी आधी खुल्या झुंजीची होती; चाचणीत वरच्या पातळीचे लोक नवख्यांनाच टिपू लागले, म्हणून 2021मध्ये बाजारात येण्याआधीच ती ऐच्छिक करावी लागली. याला भ्याडपणा कसा म्हणावं?

तग धरून आहेत ते खेळ सरळ सांगून टाकणारे. 2003पासून चालणाऱ्या ईव्ह ऑनलाइनमध्ये पोलिसी आकाश आणि बेपोलिसी आकाश वेगळं आहे. 2014च्या जानेवारीत तिथल्या एका लढाईत सुमारे 3 लाख डॉलर किमतीची जहाजं जळाली. अल्बियन ऑनलाइनमध्ये मुलुखांना रंग दिलेत: निळ्यात निर्धास्त, काळ्यात सगळं गमावण्याची तयारी. त्याचा आशियासाठीचा सर्व्हर 2023मध्ये सिंगापुरात आला. पण या दोन्ही जगांत एकट्यादुकट्याचं काम नाही. टोळी लागते, रात्री जागाव्या लागतात. सेंटरवाल्याला सकाळी नऊला शटर उघडायचं असतं.

"मंग आता जाता का पलीकडे?"

"नाही. नुसता खंदकावर उभा राह्यतो. लाइट असली का."

तो उभा होता ते ओल्ड स्कूल रूनस्केप. 2007च्या ऑगस्टमधल्या प्रतीवरून कंपनीने 2013मध्ये ते पुन्हा सुरू केलं. जग तेच परत मिळालं, पण खेळाडूंची जुनी पात्रं नाही. सगळ्यांनाच पहिल्या पातळीपासून सुरुवात करावी लागली. त्याचा हा शिपाई म्हणून इतका कच्चा.

2018पासून ते फोनवरही चालतं, मोफत. तुम्हाला जायचंच असेल तर उत्तरेला चालत राहा, खंदक आपोआप लागेल. अंगावर तीनच चांगल्या वस्तू ठेवा, आणि कुणी दोस्तीने 'चल, तुला एक गंमत दाखवतो' म्हणालं तर जाऊ नका.