न दुखणारी जखम

गरमी, उपदंश, सिफिलिस ही एकाच आजाराची नावे. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाशा’त तो ‘फिरंग रोग’ म्हणून येतो, म्हणजे फिरंग्यांबरोबर आलेला.

जखम भरते, जंतू राहतो

संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी जननेंद्रियावर एक जखम होते. ती दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरते. माणूस समजतो, उष्णता होती, उतरली. (‘गरमी’ या नावानेच अर्धा घोळ केला असावा.) जंतू मात्र आतच असतात. पुढे तळहात-तळपायांवर पुरळ उठते, तेही जाते. मग वर्षानुवर्षे शांतता, आणि काहींच्या बाबतीत हृदयावर किंवा मेंदूवर घाव.

महामार्गावरचा जिल्हा

नाशिक जिल्ह्याचे उदाहरण घ्या. इथून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. आडगावला ट्रक टर्मिनल आहे, सातपूर-अंबडला परप्रांतीय कामगार आहेत, द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याचे मजूर दिंडोरी-निफाडला उतरतात. काम हे काही आजाराचे कारण नव्हे. पण घरापासून लांब राहणाऱ्याला दवाखाना गाठणे आणि पुन्हा तपासणीला येणे जड जाते. म्हणूनच एड्स नियंत्रण कार्यक्रमात ट्रकचालक, स्थलांतरित मजूर आणि देहविक्री करणाऱ्या स्त्रिया यांच्यापर्यंत स्वयंसेवी संस्थांमार्फत पोहोचले जाते. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये अशा जखमेवरचे औषध पांढऱ्या किटमध्ये मोफत मिळते; पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर निळे किट.

एक थेंब रक्त

2022 मध्ये जगभरात प्रौढांना सिफिलिसची सुमारे 80 लाख नवी लागण झाली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सर्वांत मोठी किंमत बाळे मोजतात: गर्भपात, मृत जन्म, जन्मजात आजार. बोटातल्या थेंबभर रक्तात एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही कळतात. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची जी खास तपासणी होते, तिच्यात ही चाचणीही असते. आजार सुरुवातीचा असेल तर बेंझाथिन पेनिसिलिनचे 24 लाख युनिटचे एक इंजेक्शन पुरते, जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन. बाळ वाचवायचे तर उपचार प्रसूतीच्या किमान 30 दिवस आधी सुरू व्हायला हवेत.

नवरा कुठे आहे?

इंग्रजांनी 1868 च्या कायद्याने देहविक्री करणाऱ्या स्त्रियांची सक्तीने तपासणी केली. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या गोऱ्या सैनिकांना कायद्याने हात लावला नाही. 1888 मध्ये तो रद्द झाला. आज सक्ती नाही, पण जाळ्यात आधी सापडते ती बाईच, कारण दवाखान्यात तीच येते. तिला इंजेक्शन दिले आणि नवरा तसाच राहिला, तर लागण पुन्हा होते. मग नर्सताईला विचारावे लागते, ‘तो कधी येणार?’ उत्तर बहुधा एकच: गाडीवर आहे. त्याने नाशिकलाच परतायला हवे असे नाही. 1097 या मोफत क्रमांकावर विचारले, तर जिथे असेल तिथले जवळचे केंद्र कळते.