‘रुजणे’ आणि ‘उगवणे’

पुणे-सातारा मार्गावरील किकवीसारख्या (ता. भोर) गावी हिवाळ्यात कुंडीत अथवा गादीवाफ्यात टोमॅटोचे बी टाकले, तर रोप दिसावयास विलंब लागतो. माती २५ अंश सेल्सिअस उष्ण असता सुमारे ६ दिवसांत वर येणारे रोप १५ अंशांवर सुमारे १४ दिवस घेते. ‘रुजणे’ व ‘उगवणे’ या क्रियापदांतील अर्थभेद या अवधीत स्पष्ट होतो. बियाने पाणी शोषून मूळ धरणे म्हणजे रुजणे; कोंबाने माती भेदून वर येणे म्हणजे उगवणे. पहिली क्रिया दृष्टीआड घडते, दुसरी दृष्टीस पडते. म्हणूनच सूर्य ‘उगवतो’, विचार मात्र मनात ‘रुजतो’. वनस्पतिशास्त्रातील ‘अंकुरण’ ही संज्ञा बीजातून मूळ बाहेर पडण्यास लावतात. अर्थात ती ‘रुजणे’ याच्या अधिक निकट आहे. व्यवहारात हा भेद विसरला की, न उगवलेले बी वाया गेले असे समजून वाफ्यास पुन्हा पुन्हा पाणी दिले जाते. थंड, ओल्या मातीत बुरशी बळावते आणि रुजलेले बी उगवण्यापूर्वीच कुजते. यास्तव कृषिविषयक परिभाषा सिद्ध करताना हे दोन शब्द परस्परांच्या जागी योजू नयेत.