अकरा विजय, दोन पराभव : गणपतराव देशमुख आणि सांगोला मतदारसंघ

महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणूक-इतिहासाचा अभ्यास करू लागणाऱ्या विद्यार्थ्यास सांगोला या मतदारसंघाचे नाव फार लवकर भेटते. सोलापूर जिल्ह्यातील या मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख १९६२ ते २०१४ या काळात अकरा वेळा विधानसभेवर निवडून आले. एकच पक्ष, एकच मतदारसंघ आणि अकरा विजय, अशी नोंद महाराष्ट्रात दुसरी नाही. या नोंदीचे कौतुक पुष्कळ झाले आहे. तिचे वाचन मात्र त्या मानाने थोडे झाले आहे. प्रस्तुत लेखात ते करण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम 'विक्रम' या शब्दाविषयी. देशमुखांची नोंद अखिल भारतीय विक्रम म्हणून सांगण्याची प्रथा वृत्तपत्रांनी पाडली. ती तपासावयास हवी. तमिळनाडूत एम. करुणानिधी १९५७ ते २०१६ या काळात तेरा वेळा निवडून आले. पण त्यांनी मतदारसंघ अनेकदा बदलले. केरळात के. एम. माणी हे पाला या एकाच मतदारसंघातून १९६५ ते २०१६ या काळात तेरा वेळा निवडून आले. तेव्हा 'एकाच मतदारसंघातून' ही पुरवणी जोडूनही हा दावा टिकत नाही. तथापि या तुलनेतून एक महत्त्वाचा भेद हाती लागतो. करुणानिधी अनेकदा मुख्यमंत्री झाले. माणी दीर्घकाळ मंत्री होते. देशमुख मंत्रिमंडळात बसले ते दोनदाच : १९७८ साली शरद पवार यांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात आणि १९९९ साली विलासराव देशमुख यांच्या आघाडी सरकारात. पहिले सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले. दुसऱ्यातून त्यांचा पक्ष २००२ साली बाहेर पडला. दोन्ही मिळून साडेचार वर्षेही भरत नाहीत.

त्यांच्या सदस्यत्वाचा काळही नीट मोजला पाहिजे. पहिल्या निवडणुकीपासून शेवटची मुदत संपेपर्यंत ५७ वर्षे होतात. परंतु मध्ये दोन खंड आहेत. १९६२ ते १९७२ ही दहा वर्षे, १९७४ ते १९९५ ही एकवीस आणि १९९९ ते २०१९ ही वीस, अशी सुमारे ५१ वर्षे ते प्रत्यक्ष सदस्य होते. सत्तेबाहेर राहून इतकी वर्षे एखादा मतदारसंघ राखणे कशाने शक्य होते, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर अकरा विजयांपेक्षा त्या दोन खंडांत, म्हणजे पराभवांत, शोधावे लागते.

सांगोला तालुका सोलापूर जिल्ह्याच्या नैऋत्य टोकास, सांगली जिल्ह्याला लागून आहे. पर्जन्यछायेतील हा प्रदेश. माण नदी त्यातून वाहत जाऊन भीमेस मिळते. पण वर्षातील बराच काळ तिचे पात्र कोरडेच असते. ज्वारी-बाजरी, शेळ्या-मेंढ्या आणि दुष्काळी कामे यांवर पिढ्यान्पिढ्या गुजराण करणारी वस्ती. देशमुखांचे मूळ गाव पेनूर, मोहोळ तालुक्यातले; जन्म १९२६ चा. कायद्याची पदवी घेऊन ते सांगोल्यास वकिली करू लागले. शंकरराव मोरे, केशवराव जेधे प्रभृतींनी काँग्रेसमधून फुटून स्थापलेला शेतकरी कामगार पक्ष त्या वेळी ग्रामीण महाराष्ट्रातील प्रमुख विरोधी पक्ष होता. पुढे स्वतः मोरे आणि जेधे काँग्रेसमध्ये परतले. देशमुखांसारखे तरुण कार्यकर्ते मात्र तेथेच राहिले.

१९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या. शेतकरी कामगार पक्षास १५ मिळाल्या आणि तरीही तो सभागृहातील सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला. १९६७ साली पक्षाने १९ जागा मिळविल्या. देशमुख या दोन्ही वेळा विजयी झाले. या दोन विजयांत व्यक्तीचा वाटा किती आणि पक्षाचा किती, हे वेगळे करता येत नाही. पक्षाला सोलापूर, कोल्हापूर, कुलाबा, नांदेड अशा अनेक जिल्ह्यांत आधार होता आणि सांगोला ही त्या आधारातील अनेकांपैकी एक जागा होती. त्या काळी कोणी 'गणपतरावांचा सांगोला' असे म्हटले असते तर ते अतिशयोक्तीचे वाटले असते.

१९७२ साली पहिला पराभव झाला. त्या वर्षी काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या. शेतकरी कामगार पक्ष १९ वरून ७ वर आला. सांगोल्यातील पराभव या राज्यव्यापी लाटेतील एक पराभव होय. लाटेत पक्ष बुडाला व त्याबरोबर उमेदवारही. विशेष आहे ते यानंतरचे. १९७४ च्या पोटनिवडणुकीत देशमुख पुन्हा निवडून आले. मधल्या दोन वर्षांत १९७२-७३ चा भीषण दुष्काळ येऊन गेला होता, आणि सांगोल्यासारख्या तालुक्यात त्या दुष्काळाने काय केले असेल हे सांगावयास नको. लाट ओसरल्यावर तालुक्याने जुना प्रतिनिधी परत बोलाविला. आणीबाणीमुळे या विधानसभेची मुदत १९७८ पर्यंत लांबली, आणि १९७७ साली याच सभागृहात देशमुख विरोधी पक्षनेते झाले. सार्वत्रिक निवडणुकीत हरलेला आणि पोटनिवडणुकीच्या दाराने आत आलेला सदस्य त्याच विधानसभेत विरोधी पक्षाचे नेतेपद भूषवितो, असे उदाहरण विरळाच.

यापुढील चार निवडणुका (१९७८, १९८०, १९८५ आणि १९९०) हा या कारकीर्दीचा सर्वांत स्थिर काळ. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १९८० साली इंदिरा काँग्रेसने २८८ पैकी १८६ जागा जिंकल्या, १९८५ साली काँग्रेसला १६१ मिळाल्या. तरी सांगोला ढळला नाही. १९७२ च्या लाटेत जो मतदारसंघ वाहून गेला तो १९८० मध्ये का टिकला? मधल्या काळात तेथे पक्षापेक्षा वेगळे असे काहीतरी उभे राहिले होते.

ते काय, याचे उत्तर तीन गोष्टींत मिळते. पहिली, रोजगार हमी. १९६५ साली वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात प्रयोग म्हणून सुरू केलेली आणि १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेली ही योजना १९७७ च्या कायद्याने हक्काच्या स्वरूपात आली. दुष्काळी तालुक्यात काम मागणे, ते सुरू करविणे आणि मजुरी वेळेवर मिळविणे ही आमदाराची रोजची कामे झाली. १९९० पासून फळबाग लागवड या योजनेस जोडली गेली आणि सांगोल्याच्या माळावर डाळिंब आले. दुसरी, सहकारी सूतगिरणी. जेथे कापूस पिकत नाही अशा तालुक्यात सूतगिरणी काढणे हे वरवर पाहता उफराटे वाटते. पण साखर कारखान्यास ऊस लागतो आणि उसाला पाणी. सूतगिरणीस लागते ती माणसे, आणि ती तेथे होती. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचे राजकारण साखर कारखान्याभोवती बांधले गेले. विरोधी पक्षाच्या आमदाराने त्याला दिलेले हे दुष्काळी प्रत्युत्तर म्हणावे लागेल.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि तिचा विचार थोडा विस्ताराने केला पाहिजे. बच्छावत लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्यात कृष्णा खोऱ्यातील ५६० अब्ज घनफूट पाणी महाराष्ट्राच्या वाट्यास दिले; या निवाड्याचा फेरविचार मे २००० नंतर व्हावयाचा होता. तोपर्यंत पाणी अडविले नाही तर हक्क दुबळा होईल, या जाणिवेने १९९० नंतर सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांच्या दुष्काळी पट्ट्यात चळवळ उभी राहिली. आटपाडी येथे भरणाऱ्या पाणी परिषदांत क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्याबरोबर देशमुख अग्रभागी होते. टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी सांगोल्यापर्यंत यावे, नीरा उजव्या कालव्याच्या शेवटच्या टोकास खरोखरच पाणी मिळावे, या मागण्या त्यांनी सभागृहात व सभागृहाबाहेर लावून धरल्या. कालव्याच्या टोकाशी असलेल्या शेतकऱ्याला नकाशातील निळी रेघ आणि प्रत्यक्षातील पाणी यांतील अंतर चांगले कळते. त्याचा आमदार ते अंतर मोजत बसलेला असला म्हणजे मताचा निर्णय सोपा होतो.

आणि तरीही १९९५ साली देशमुख हरले, अवघ्या १९२ मतांनी. विजयी उमेदवार होते काँग्रेसचे शहाजीबापू पाटील. या निकालाचे वैचित्र्य राज्याच्या निकालाशी ताडून पाहिल्यावरच कळते. त्या निवडणुकीत काँग्रेस ८० जागांवर आली आणि शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले. म्हणजे काँग्रेसच्या वैभवाच्या काळात तिला नाकारणाऱ्या सांगोल्याने तिच्या पडत्या काळात तिला स्वीकारले. १९७२ चा पराभव प्रवाहाबरोबर झाला होता. १९९५ चा प्रवाहाविरुद्ध झाला.

माझ्या मते याचा अर्थ असा. राज्यात इतरत्र प्रस्थापित म्हणजे काँग्रेस, आणि असंतोषाचे मत तिच्याविरुद्ध पडणार. सांगोल्यात मात्र एकवीस वर्षे सलग निवडून आलेला विरोधी पक्षाचा आमदार हाच प्रस्थापित झाला होता. बदलाची इच्छा असलेल्या मतदारापुढे तेथे एकच पर्याय होता, आणि तो काँग्रेसचा होता. राज्याचे राजकारण आणि मतदारसंघाचे राजकारण यांची बाजू अशी उलटलेली असू शकते. राज्यपातळीवरील आकड्यांवरून मतदारसंघाचा निकाल समजावून देणाऱ्या अभ्यासकांनी हे उदाहरण समोर ठेवण्याजोगे आहे. याच संदर्भात 'बालेकिल्ला' हा शब्दही जपून वापरावा. ज्या किल्ल्याचा दरवाजा १९२ मतांनी उघडतो, तेथील प्रत्येक विजय नव्याने मिळवावा लागत असतो.

या कारकीर्दीचे स्पष्टीकरण जातीच्या गणिताने देण्याची पद्धतही रूढ आहे. देशमुख धनगर समाजातील. सांगोल्यात त्या समाजाची वस्ती मोठी. या घटकाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही, विशेषतः पश्चिम महाराष्ट्राच्या राजकारणात मराठा नेतृत्वाचे प्राबल्य पाहता. पण समाजाची संख्या पाच वर्षांत फारशी बदलत नाही, आणि निकाल बदलले. जो घटक जवळजवळ स्थिर आहे, त्याने विजय आणि पराभव दोन्ही समजावून देता येत नाहीत. तीच गोष्ट साधेपणाची. एस. टी. ने प्रवास करणारा आमदार ही त्यांची प्रतिमा यथार्थ होती. पण १९९५ मध्येही ते तितकेच साधे होते.

१९९५ ते १९९९ ही चार वर्षे देशमुख सभागृहाबाहेर होते. कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले ते याच काळात, १९९६ मध्ये. ज्या प्रश्नासाठी ते झगडत होते त्याचा आर्थिक आराखडा ठरत असताना त्यांना विधानसभेत स्थान नव्हते. १९९९ मध्ये ते परत आले आणि मग २००४, २००९, २०१४ असे सलग निवडून आले. हा तिसरा कालखंड पहिल्या दोहोंपेक्षा वेगळा आहे. आता पक्ष जवळजवळ उरला नव्हता. १९८५ मध्ये १३ जागा असलेला हा पक्ष १९९० मध्ये ८, १९९५ मध्ये ६, १९९९ मध्ये ५ आणि २००४ मध्ये केवळ २ जागांवर आला. २०१४ मध्ये त्याला ३ मिळाल्या. २०१४ ची निवडणूक दोन्ही आघाड्या मोडल्याने चार प्रमुख पक्षांनी स्वतंत्रपणे लढविली, आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांचे देशमुख शिवसेनेतर्फे उभ्या असलेल्या शहाजीबापू पाटील यांच्यावर २५ हजारांहून अधिक मताधिक्याने विजयी झाले. १९६२ मध्ये पक्षाने उमेदवारास निवडून आणले असे म्हणता येईल. २०१४ मध्ये उमेदवाराने पक्षाला विधानसभेत ठेवले. दरम्यान २००८ च्या पुनर्रचनेत पंढरपूर तालुक्यातील काही गावे सांगोला मतदारसंघात आली होती; तेव्हा २००९ पूर्वीच्या व नंतरच्या मतसंख्या शेजारी ठेवून सरळ तुलना करू नये, ही सूचना विद्यार्थ्यांसाठी.

वयोमानामुळे देशमुखांनी २०१९ ची निवडणूक लढविली नाही. पक्षाने त्यांचे नातू अनिकेत देशमुख यांना उभे केले. ते शहाजीबापू पाटील यांच्याकडून ७६८ मतांनी हरले. ३० जुलै २०२१ रोजी गणपतराव देशमुख यांचे सोलापूर येथे निधन झाले. २०२४ च्या निवडणुकीत त्यांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख याच पक्षातर्फे उभे राहिले आणि शहाजीबापूंवर २५ हजारांहून अधिक मताधिक्याने विजयी झाले. मात्र या वेळी लढत तिरंगी होती. शिवसेनेचे दोन गट परस्परांविरुद्ध उभे होते. संपूर्ण राज्यात शेतकरी कामगार पक्षाला मिळालेली ही एकमेव जागा. हा विजय आजोबांच्या कामाचा, घराण्याच्या नावाचा की विरोधकांच्या फुटीचा, हे एकाच निकालावरून ठरविता येणार नाही. त्यासाठी केंद्रनिहाय मतदानाचे आकडे घेऊन, विशेषतः कालव्याच्या पाण्याखालील गावे आणि कोरडी गावे वेगळी काढून, तपासणी करावी लागेल.