विश्लेषण : सायकल ‘इलेक्ट्रिक’ करताना वायरिंग का ठरते महत्त्वाचे?

जुनी सायकल ‘इलेक्ट्रिक’ करून देणारे किट आता ऑनलाइन आणि सायकलच्या दुकानांतही मिळतात. हब मोटर बसवलेले चाक, कंट्रोलर, थ्रॉटल, ब्रेक लिव्हर आणि बॅटरी असे साहित्य त्यात येते. चाक बदलणे अवघड नसते. खरी कसोटी वायर जोडताना लागते. मोटर आणि बॅटरी उत्तम असली तरी एक ढिला जोड कनेक्टर वितळवू शकतो, कंट्रोलर जाळू शकतो आणि क्वचित आगीलाही कारण ठरू शकतो.

किटमधील कोणती वायर कशासाठी?

वायरचे दोन गट असतात. पहिला गट जाड वायरचा. बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंत लाल-काळी जोडी आणि कंट्रोलरपासून मोटरपर्यंत तीन फेज वायर. या बहुधा पिवळ्या, हिरव्या आणि निळ्या असतात. सगळी ताकद यांतूनच वाहते. दुसरा गट बारीक वायरचा. थ्रॉटल, ब्रेक आणि मोटरमधील हॉल सेन्सर यांचे संदेश त्या कंट्रोलरपर्यंत नेतात. हॉल सेन्सर चाकाची स्थिती सांगतो. त्यासाठी सुमारे ५ व्होल्टचा पुरवठा आणि तीन संदेशवाहक वायर असतात. ब्रेक दाबताच मोटर बंद करणारी वायर अनेक जण ‘नंतर बघू’ म्हणून सोडून देतात. ती जोडलीच पाहिजे.

जोड गरम का होतो?

३६ व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटरीत १० सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ती ४२ व्होल्ट दाखवते. एवढ्या व्होल्टेजचा कोरड्या हाताला सहसा झटका जाणवत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. धोका वाहणाऱ्या करंटचा असतो. २५० वॉटच्या मोटरला सपाट रस्त्यावर सुमारे ७ अँपिअर लागतात. चढावर किंवा सुरुवातीला जोर लावताना हा आकडा १५ पर्यंत जाऊ शकतो.

करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. समजा, एखाद्या ढिल्या जोडाचा रोध फक्त ०.०५ ओहम आहे. ७ अँपिअरला तिथे सुमारे अडीच वॉट उष्णता तयार होते, १५ अँपिअरला ११ वॉटहून अधिक. छोटी सोल्डरिंग गन २५ वॉटची असते. तिच्या जवळपास निम्मी उष्णता बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकमध्ये कोंडली तर ते मऊ पडणारच. गरम झालेला जोड आणखी ढिला होतो, रोध वाढतो आणि हे चक्र वेग घेते.

जोड कसा असावा?

वायर एकमेकांत पिळून वर टेप मारणे ही सर्वांत मोठी चूक. सायकल सतत हादरते, उन्हात टेपचा डिंक सुटतो आणि पिळा सैल पडतो. जाड वायरला योग्य मापाचे लग क्रिम्पिंगच्या पकडीने दाबून बसवावेत किंवा जोड सोल्डर करून त्यावर हीट-श्रिंक स्लीव्ह चढवावी. स्क्रूखाली दाबायच्या वायरच्या टोकाला मात्र सोल्डर लावू नये. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरते आणि पकड ढिली होते. बॅटरीच्या बाजूला नेहमी झाकलेल्या टोकांचा, म्हणजे ‘फिमेल’ कनेक्टर असावा. चावी किंवा पाना चुकून लागला तरी शॉर्ट होणार नाही. लाल-काळी उलट जोडली गेल्यास कंट्रोलर क्षणात निकामी होऊ शकतो. म्हणून एकाच बाजूने बसणारे कनेक्टर घ्यावेत.

घरातला स्विच, एमसीबी चालेल का?

नाही. घरातला ५० हर्ट्झचा एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझते. बॅटरीचा डीसी करंट शून्यावर येत नाही आणि ठिणगी टिकून राहते. म्हणून डीसीसाठीचाच स्विच आणि फ्यूज वापरावा. मोटारीतील साधे ब्लेड फ्यूज बहुधा ३२ व्होल्टचे असतात; ४२ व्होल्टच्या बॅटरीला ते पुरत नाहीत. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाच्या शक्य तितक्या जवळ बसवावा. दूर बसवला तर बॅटरी ते फ्यूज हा तुकडा उघडाच राहतो.

वायर कुठून न्यावी?

हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. वायर ताणली जाता कामा नये. फ्रेमच्या धारदार कडांवर रबरी आवरण हवे. मोटरची वायर आसातून बाहेर पडते, तिथे ती खाली झुकवावी, म्हणजे पावसाचे पाणी टोकावरून ठिबकून जाते. ‘टॉर्क आर्म’ टाळू नये. तो नसेल तर जोराच्या धक्क्याने आस चिमट्यात फिरू शकतो आणि वायर पिळवटून तुटते. धुताना पाण्याचा जोरदार फवारा कंट्रोलर आणि कनेक्टरवर मारू नये.

पहिली चाचणी कशी घ्यावी?

बॅटरी जोडण्याआधी मल्टिमीटरने पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि फ्रेम एकमेकांना चिकटलेले नाहीत ना, ते तपासावे. मग चाक उचलून थ्रॉटल हळू द्यावा. मोटर थरथरली, खडखडली किंवा उलटी फिरली तर फेज आणि हॉल वायरचा क्रम चुकलेला असू शकतो. वायरचे रंग जुळले म्हणजे क्रम जुळलाच, असे नसते. थ्रॉटल दाबून न धरता किटची आकृती पाहावी. चाक नीट फिरू लागले की ब्रेक दाबून मोटर बंद होते का, तेही बघावे. त्यानंतर १०-१५ मिनिटे चालवून, बॅटरी बंद करून प्रत्येक कनेक्टरला हात लावावा. एकच जोड बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तो पुन्हा करावा. प्लास्टिक पिवळे-तपकिरी झाले असेल तर कनेक्टर बदलावाच.

काय अजिबात करू नये?

बॅटरी पॅक उघडू नये आणि त्यातील संरक्षक सर्किट, म्हणजे बीएमएस, वगळून जोडणी करू नये. अधिक वेगासाठी मोठी मोटर बसवण्याचा मोहही टाळावा. मोटर २५० वॉटपेक्षा कमी क्षमतेची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, या व इतर अटी पाळणाऱ्या वाहनालाच मोटार वाहन नियमांत सूट आहे. मर्यादा ओलांडल्यास नोंदणी, परवाना आणि विम्याचा प्रश्न येतो. शिवाय करंट वाढला की प्रत्येक जोडावरचा भारही वाढतो.