वाडीची मोटर

सोलरच्या प्लेटा पुसायच्या त्या सकाळी, ऊन चढायच्या आत. एकदा काच तापली की तिच्यावर गार पाणी ओतायचं नाही. तडा जाण्याची भीती असते, आणि पाणी वाळून क्षारांचे पांढरे डाग मागे राहतात ते वेगळेच. पेणजवळच्या रामवाडीहून निघून खोपोली रस्त्याने डोंगराकडे वळलं की ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या लागतात. त्यांतल्या एका वाडीत भर उन्हाळ्यात मी हे काम पाहिलं. एक तरुण बादली घेऊन शिडीवर चढला. त्याच्या खांद्यावर जुन्या सुती लुगड्याचा तुकडा होता. साबण नाही, घासणी नाही. आधी नुसतं पाणी सोडून धूळ वाहू द्यायची, मग वरून खाली एकाच दिशेने पुसायचं. कोरड्या फडक्याने पुसलं तर धुळीचे कण काच ओरबाडतात. पक्ष्यांची शीट वाळलेली असेल तर ती भिजेपर्यंत थांबायचं. सगळ्यात जास्त वेळ गेला तो खालच्या चौकटीच्या कडेवर, कारण तिथे माती साचते आणि पावसाळ्यात शेवाळ धरतं.

खाली उभ्या असलेल्या आजींचं लक्ष प्लेटांकडे नव्हतं, शेजारच्या ऐनाच्या झाडाकडे होतं. ‘ती फांदी पुढं आलीया,’ त्या म्हणाल्या. ओळीने जोडलेल्या प्लेटांपैकी एकीवर सावली पडली तरी साऱ्या ओळीची ताकद उतरते. आजींना हे कुणी शिकवलेलं नव्हतं. फांदीची सावली प्लेटवर आली की नळाची धार बारीक होते, एवढं त्यांनी पाहिलं होतं.

या योजनेला सरकारी भाषेत ‘सौरऊर्जेवरील दुहेरी पंप योजना’ म्हणतात. बोअर एकच, पंप दोन. जुना हापसा काढलेला नाही, त्याच बोअरमध्ये छोटी पाणबुडी मोटर सोडली आहे. ऊन पडलं की मोटर पाणी उचलून लोखंडी मांडणीवरच्या पाच हजार लिटरच्या टाकीत टाकते आणि तिथून ते नळांना येतं. ढग आले किंवा मोटर बिघडली तर हापसा आहेच. महाराष्ट्रात लहान वाड्यांसाठी अशा योजना अनेक ठिकाणी झाल्या. मला त्यांतली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते ती ही की इथे बॅटरी नाही. सौरऊर्जेच्या छोट्या योजनांत बॅटरीच सर्वांत आधी थकते आणि बदलायला महाग पडते. इथे दिवसाची वीज पाणी होऊन टाकीत साठते.

शिवाय कोकणातलं ऊन आणि कोकणातली तहान एकाच वेळी येतात. पावसाळ्यात या डोंगरावरून एवढं पाणी वाहून जातं, तरी एप्रिल-मेमध्ये बायका डोक्यावर हंडा-कळशी घेऊन ओढ्यातल्या डबक्यापर्यंत उतरतात. प्लेटाही त्याच महिन्यांत सर्वांत जास्त वीज देतात. जुलैत टाकी दिवसभरात अर्धीच भरली तरी कुणाचं अडत नाही, कारण तेव्हा झरे फुटलेले असतात.

वाडीतल्या बायकांशी बोलताना मला सारखं भिऱ्याचं वीजकेंद्र आठवत होतं. रायगड जिल्ह्याला वाहत्या पाण्यावरची वीज नवी नाही. खोपोलीचं वीजकेंद्र १९१५चं, भिवपुरीचं १९२२चं आणि भिऱ्याचं १९२७चं. भिऱ्याची जनित्रं फिरवणारं पाणी मुळशी धरणाचं. त्या धरणाखाली गावं आणि भातशेती बुडणार म्हणून १९२१मध्ये मावळातले शेतकरी सत्याग्रहाला उभे राहिले आणि सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले. धरण झालं, वीज मुंबईला गेली. सह्याद्रीच्या कड्यावरून उतरलेलं ते पाणी जनित्रं फिरवून झाल्यावर कुंडलिकेत येतं, डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यात शिरतं आणि रोहा-माणगावच्या शेतात उन्हाळी भात पिकवतं. कोलाडची राफ्टिंगही त्याच पाण्यावर चालते. हा लाभ मोठा आहे, मी तो कमी लेखत नाही. पण पाणी कधी सोडायचं आणि किती सोडायचं, हे रोह्याच्या शेतकऱ्याच्या हातात कधीच नव्हतं. पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचं पाणीही नवी मुंबईकडे जातं, आणि त्याच तालुक्यातल्या वाड्यांत मेमध्ये टँकरची वाट पाहतात. म्हणूनच पाच हजार लिटरच्या एका टाकीचं मला एवढं अप्रूप वाटलं. तिची चावी वाडीत होती.

असं गावाच्या हातात राहिलेलं याहून मोठं काम जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत झालं. तिथे २०१२मध्ये पुण्याच्या ‘ग्राम ऊर्जा’ कंपनीने बॉश कंपनीच्या अर्थसाहाय्याने ९.४ किलोवॅटचा सौर प्रकल्प उभारला आणि ३९ घरांना वीज दिली. पैसा बाहेरून आला, पण कारभार गावकऱ्यांच्या न्यासाकडे राहिला. घरोघरी मीटर बसले, बिलं गावातच वसूल होऊ लागली. बिलाच्या पैशातून रोजची देखभाल करायची आणि पुढे बॅटऱ्या बदलायला शिल्लक टाकायची, असा हिशेब होता. ही शिल्लक मला प्लेटांइतकीच महत्त्वाची वाटते. ऊन संपलं म्हणून योजना बंद पडत नाहीत. हमीची मुदत संपते, एखादा सुटा भाग जळतो आणि तो आणायचा कुणी हे ठरलेलं नसतं, तिथे त्या बंद पडतात.

रामवाडीपुढच्या या वाडीत ते ठरलेलं होतं. मोटर चालवणारा कंट्रोलर, वाडीच्या बोलीत ‘डबा’, पूर्वी एकदा जळला. बसवणाऱ्याचा फोन लागेना. बायकांनी पुन्हा हापसा धरला. बचत गटाच्या वहीत घरटी पट्टीचे पैसे जमा होते. ते घेऊन दोघं जण पेणच्या बाजारात गेले आणि मेकॅनिकला गाडीवर बसवूनच वर घेऊन आले. डबा बसवताना तोच तरुण शेजारी उभा राहून पाहत होता. आता साधा बिघाड तो स्वतः शोधतो: वायर सैल आहे की बोअरमधलं पाणी खाली गेल्याने मोटर आपोआप थांबली आहे, एवढं त्याला कळतं.

पट्टीवर वाद होतातच. कातकऱ्यांची निम्मी घरं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. पाणी प्यायलंच नाही तर पैसे का द्यायचे, हा त्यांचा प्रश्न. मोटर बिघडली तर तुम्ही आल्यावर तुम्हालाही ती लागणारच ना, हे मागे राहिलेल्यांचं उत्तर. मी गेले त्या दिवशी दुपारी सावलीत बसून याचा निकाल लागला. कुलूप असलेल्या घराला त्या महिन्यांची पट्टी माफ. मात्र परत आल्यावर त्या घरातल्या एका माणसाने एक दिवस टाकी आतून घासायला यायचं. वहीत तसं लिहिलं गेलं, आणि त्याखालीच दुसरी ओळ आली: ऐनाची फांदी उद्या तोडायची.