मृत सभासदाची निवृत्तीनंतरची ठेव आणि आयकर

सभासद गेल्यावर घरची मंडळी आम्हाला हमखास विचारतात: पीपीएफच्या पैशांवर कर लागतो का? लागत नाही, मुद्दल आणि व्याज दोन्ही करमुक्त. खरा घोळ ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत होतो, कारण तिचे व्याज करपात्र आहे. मृत्यूच्या तारखेपर्यंतचे व्याज गेलेल्या व्यक्तीच्या विवरणपत्रात दाखवायचे. नंतरचे वारसाच्या, मृत्युपत्रानुसार वाटणी व्हायची असेल तर तोवर एक्झिक्युटरने वेगळे विवरणपत्र भरायचे. मृताचे शेवटचे विवरणपत्र भरायला वारसाने आयकर पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करावी. तोपर्यंत पॅन रद्द करू नये. थकलेला करही वारसाकडूनच घेतला जातो, मात्र मिळालेल्या मालमत्तेपुरताच. स्वतःच्या खिशातून भरावा लागेल ही भीती नको.